५८ अब्जांचं वचन आणि भिशीची वही

पार्श्वभूमी

निवडणुकीतल्या एका वचनावर विसंबून नोकरी सोडावी का, या प्रश्नाची ही गोष्ट पश्चिम लंडनमधल्या हेझची आहे, नोव्हेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२० या वर्षभरातली. ज्यांची आहे त्यांना विचारूनच लिहितो आहे. नाव बदललंय, ओळख पटेल असे एकदोन तपशील इकडचे तिकडे केलेत. आकड्यांना हात लावलेला नाही, कारण आकडे काढले तर या प्रकरणात काही उरत नाही.

त्यांना मालतीमावशी म्हणू. जन्म नोव्हेंबर १९५४ च्या शेवटच्या आठवड्यातला. लग्न होऊन १९७८ साली सांगलीहून इकडे आल्या. शिवणकाम, मग पॅकिंग, मग मुलांसाठी काही वर्षं घर. २००९ ते २०११ ही दोन वर्षं आईच्या आजारपणासाठी सांगलीत गेली. परत आल्यावर मे २०१२ मध्ये विमानतळाजवळच्या एका केटरिंग किचनमध्ये लागल्या. विमानात आपल्यापुढे जो ट्रे येतो तो भरणाऱ्या बायकांच्या रांगेत त्या उभ्या असत. पाव, लोण्याची वडी, पाण्याचा कप, काट्याचमच्याची पुडी, की ट्रे पुढे. थंडगार खोली, पहाटे ४ ची पाळी, पट्टा थांबत नाही. आठवड्याला साडेसदतीस तास, तासाला ८.२१ पौंड, म्हणजे तेव्हाचं कायद्याचं किमान वेतन.

मी पगारपत्रकं करणारा माणूस. शनिवारी दुपारी मराठी ज्येष्ठ मंडळी एका हॉलमध्ये जमतात, तिथे त्यांची तपकिरी सरकारी पाकिटं वाचून दाखवणं हे माझं काम. पाकीट उघडायचं धाडस होत नाही म्हणून तीन-तीन आठवडे पर्समध्ये घेऊन फिरणारी माणसं मी पाहिली आहेत. मावशी त्यातल्या नव्हत्या. किचनमधल्या बारा बायकांची महिना ५० पौंडांची भिशी त्या चालवत. निळ्या पुठ्ठ्याची वही, प्रत्येकीच्या नावापुढे सही, आणि नंबर लागला की तारीख.

आता पेन्शनचं थोडं सविस्तर सांगायला हवं. ब्रिटनमध्ये बायकांना सरकारी पेन्शन पूर्वी साठाव्या वर्षी मिळे, पुरुषांना पासष्टाव्या. १९९५ च्या कायद्याने बायकांचं वय हळूहळू पासष्टवर न्यायचं ठरलं आणि २०११ च्या कायद्याने तो वेग वाढवून पुढे सगळ्यांचंच सहासष्ट केलं. मावशींच्या बाबतीत हिशेब असा झाला: जुन्या नियमाने पेन्शन नोव्हेंबर २०१४ ला, पहिल्या बदलानंतर जुलै २०१९ ला, दुसऱ्या बदलानंतर नोव्हेंबर २०२० ला. सहा वर्षं पुढे गेली. पत्र आलं २०१२ मध्ये, तेव्हा त्या सत्तावन्न वर्षांच्या होत्या. पन्नासच्या दशकात जन्मलेल्या लाखो बायकांची हीच तक्रार होती. वय वाढवलंत ते वाढवलंत, पण आम्हाला वेळेवर सांगितलं का नाही? ऑक्टोबर २०१९ मध्ये हायकोर्टाने त्यांच्या विरोधात निकाल दिला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस निवडणूक लागली. मतदान १२ डिसेंबरला. डिसेंबरात सार्वत्रिक निवडणूक ब्रिटनने १९२३ नंतर पाहिली नव्हती.

अडचण

२१ नोव्हेंबरला मजूर पक्षाने बर्मिंगहॅममध्ये जाहीरनामा काढला. सोबत खर्चाची वेगळी पुस्तिका होती. रोजच्या सरकारी खर्चात वर्षाला सुमारे ८३ अब्ज पौंडांची वाढ, आणि तेवढ्याच रकमेचे कर. पेन्शनवाल्या बायकांसाठी जाहीरनाम्यात भरपाईचे शब्द होते, रक्कम नव्हती. रक्कम आली दोन दिवसांनी, शनिवारी रात्री: पाच वर्षांत ५८ अब्ज पौंड. एकेकीला जास्तीत जास्त ३१,३०० पौंड, सरासरी १५,३८०. खर्चाच्या पुस्तिकेत याचा उल्लेख नव्हता.

हे जाहीर करणारे जॉन मॅकडॉनेल, म्हणजे पक्षाचे अर्थखात्याचे प्रवक्ते, हे १९९७ पासून हेझचेच खासदार. मावशींचेच. शेजारच्या अक्सब्रिज मतदारसंघाचे खासदार होते हुजूर पक्षाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन, आणि दोन्ही मतदारसंघ हिलिंग्डन या एकाच नगरपालिकेत. म्हणजे देशभर गाजत असलेली दोन्ही बाजूंची वचनं आमच्याकडे गल्लीतल्या उमेदवारांची होती. आमच्या मंडळींना याचा थोडा अभिमानही वाटायचा.

३० नोव्हेंबरच्या शनिवारी मावशी आल्या त्या पाकीट न घेता. खुर्चीत बसताना उजवा गुडघा हाताने धरून सरळ केला.

"अरे, सोमवारी नोटीस देऊ का?"

"कसली?"

"नोकरीची. तीस हजार मिळणार आहेत ना. मग हे अकरा महिने कशाला उभी राहू? साठवलेल्यातून काढते, ते आले की परत ठेवते."

त्यांचा आकडा जवळपास बरोबर होता. सहा वर्षं गमावलेल्यांपैकी त्या, म्हणजे कमाल रकमेच्या आसपासच. चार आठवड्यांची नोटीस, डिसेंबरअखेर सुटका, नोव्हेंबरपर्यंत ४६ आठवडे पगाराविना. आठवड्याला ३०८ पौंड धरले तर १४ हजारांवर पाणी. घराच्या कर्जाचा हप्ता ५४० पौंड, मार्च २०२१ पर्यंत. काकांची पेन्शन वीज, गॅस, किराणा भागवायला पुरत होती, हप्त्याला नाही. शिल्लक ११,४०० पौंड.

मी काय केलं? मी हसलो. "मावशी, निवडणुकीत सगळेच आकाशातले तारे वाटतात," असं काहीतरी म्हणालो आणि दोन दिवसांपूर्वीची बातमी सांगितली. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज ही तटस्थ अर्थसंस्था प्रत्येक निवडणुकीत जाहीरनाम्यांचा ताळेबंद तपासते. तिचे तेव्हाचे संचालक पॉल जॉन्सन यांनी २८ नोव्हेंबरला दोन्ही मोठ्या पक्षांचे जाहीरनामे विश्वासार्ह नाहीत असं स्वच्छ सांगितलं होतं. मजूर पक्षाचा खर्च त्या करांतून निघेल हे त्यांना पटलं नव्हतं, आणि हे ५८ अब्ज तर त्याच्याही वर होते. हुजूर पक्षाचं उलटं. वर्षाला जेमतेम ३ अब्जांची वाढ दाखवून, त्यात सगळं बसेल आणि करही वाढणार नाहीत, असं ते सांगत होते.

मावशींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे दोघंही खोटं बोलतायत. बरं. मग मी नोटीस देऊ की नको?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. "सगळे सारखेच" या वाक्याने माझं शहाणपण सिद्ध झालं होतं, त्यांचा गुडघा आहे तिथेच होता.

समोरचे पर्याय

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. काका होतेच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून मी तीन रकाने आखले: नक्की, बहुतेक, हवेत. जो पैसा येणार असं कोणी म्हणेल तो यातल्या एका रकान्यात गेलाच पाहिजे, एवढाच नियम.

"नक्की"मध्ये मावशींचा चालू पगार, काकांची पेन्शन, आणि नोव्हेंबर २०२० पासून मावशींची पेन्शन. तिथेच मी आणखी एक ओळ लिहिली: ट्रिपल लॉक. म्हणजे पेन्शन दरवर्षी महागाई, पगारवाढ किंवा अडीच टक्के यांतल्या सर्वांत मोठ्या आकड्याने वाढणार. दोन्ही पक्षांच्या जाहीरनाम्यात ते होतं, वाद नव्हता, म्हणून बिनदिक्कत लिहिलं. या ओळीकडे पुढे यायचंय.

३१,३०० कुठे लिहायचे यावर अर्धा तास गेला. काकांचं मत ठाम होतं. "बाजारात तुरी! आधी निवडून तर येऊ दे." पण काका स्वतः हुजूर पक्षाच्या एका वचनावर खूश होते. चाळीस नवी हॉस्पिटलं. हिलिंग्डन हॉस्पिटल, जिथे ते डोळ्यांसाठी जात, त्या यादीत होतं. "ते बघ, ते जमिनीवरचं आहे. आकडापण बेताचा आहे."

आकडा बेताचा होता, हाच तर घोटाळा होता. सप्टेंबरात जाहीर झालेले २.७ अब्ज पौंड होते सहा हॉस्पिटलांसाठी. बाकीच्यांना, हिलिंग्डन धरून, फक्त आराखडे करण्यापुरते पैसे. हुजूर पक्षाच्याच पन्नास हजार जादा नर्सेसच्या वचनाचंही तसंच: त्यातल्या साडेअठरा हजार नोकरी न सोडता टिकून राहणाऱ्या नर्सेस होत्या. खर्चिक वचन म्हटलं की आपली नजर मोठ्या रकमेकडे जाते, आणि ५८ अब्जांवर सगळे तुटून पडतात. चाळीस इमारती सहांच्या पैशात, यावर कोणाची भुवई उठत नाही, कारण रक्कम लहान दिसते. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की वचन केवढं आहे यापेक्षा ते आणि त्यामागचे पैसे यांच्यात अंतर किती, हे मोजावं. मजूर पक्षाने भरपाईची रक्कम कमी सांगितलेली नव्हती. ती येणार कुठून, हे सांगितलं नव्हतं. हुजूर पक्षाने कुठून ते सांगितलं होतं, पण पैसे सहांचेच होते.

मावशी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी विचारलं, "ते खर्चाचं पुस्तक म्हणालास, त्यात नाही ना हे?"

"नाही."

"टीव्हीवर त्या कॉर्बिनला विचारलं तेव्हा काय म्हणाला?"

मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांची अँड्र्यू नीलने घेतलेली ती मुलाखत २६ तारखेला बीबीसीवर झाली होती. राखीव निधीतून, गरज पडली तर कर्ज काढून, असा उत्तराचा सूर होता. मी तसं सांगितलं.

"म्हणजे वहीत नाव नाही, आणि भिशी फोडायच्या आधी नंबर सांगून मोकळा." त्यांनी स्वतःच पेन घेऊन "हवेत"च्या रकान्यात ३१,३०० लिहिले. नीट, स्वल्पविरामासकट.

मग पर्याय दिसायला लागले. पहिला मूळचाच: नोटीस द्यायची, शिल्लक खायची. हप्ते आणि वरखर्च धरून नोव्हेंबरमध्ये खात्यात अडीच-तीन हजार उरले असते, आणि भरपाई आली नाही तर तेवढेच. दुसरा, दात ओठ खाऊन अकरा महिने उभं राहायचं. तिसरा, आठवड्याला तीन दिवस: पगार १८५ पौंडांवर, हप्ता कसाबसा निघतो. सांगलीतला भावाकडचा हिस्सा मागायचा, असंही काका हळूच म्हणाले. मावशींनी नुसतं पाहिलं आणि तो पर्याय तिथेच संपला.

निर्णयाचे टप्पे

पहिला टप्पा मावशींनीच ओलांडला, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या म्हणाल्या, "मत कोणाला द्यायचं ते मी बघते. त्यांनी आमच्यावर अन्याय झाला असं निदान म्हटलं तरी. पण मत दिलं म्हणून पगार सोडायचा असं थोडंच आहे?" मी या दोन गोष्टींची गाठ मारून बसलो होतो. वचन खोटं ठरवलं की मतही द्यायचं नाही, खरं मानलं की नोटीस द्यायची, असंच माझ्या डोक्यात होतं. पक्ष कोणत्या बाजूचा आहे हे सांगणारी खूण म्हणून वचनाला किंमत असते. ती किंमत हप्त्याच्या हिशेबात धरता येत नाही, एवढंच. त्यांनी मत कोणाला दिलं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझं स्वतःचंही मत होतं, भारतीय पासपोर्टवर. राष्ट्रकुलातल्या इथल्या रहिवाशांना ब्रिटनमध्ये संसदेसाठी मतदान करता येतं, हे इथे नव्याने आलेल्या मराठी मुलांना अजूनही खरं वाटत नाही.

दुसरा टप्पा तारखेचा. समजा सरकार आलं. कायदा, यंत्रणा, तीसेक लाखांहून जास्त बायकांच्या नोंदी. आणि वाटप पाच वर्षांत. नोव्हेंबर २०२० च्या आत पहिला पौंड हातात पडेल असं वचन देणाऱ्यांनीही म्हटलं नव्हतं. म्हणजे मावशींचा खड्डा डिसेंबर ते नोव्हेंबर, आणि वचन खरं ठरलं तरी येणार खड्डा ओलांडल्यावर. वचन विश्वासार्ह आहे का, हा सगळा वाद त्या घरापुरता गैरलागू होता! हे मला दुसऱ्या शनिवारी, ७ डिसेंबरला सुचलं. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत सुचायला हवं होतं.

तिसरा टप्पा गुडघ्याचा. मावशींना खरं तर पैसे नको होते, बसायला हवं होतं. सात वर्षांत त्यांनी सुपरवायझरकडे एकदाही बसून करायचं काम मागितलं नव्हतं. "मागितलं तर म्हातारी झाली म्हणून काढतील." काट्याचमच्याच्या पुड्या भरायचं काम त्याच किचनमध्ये बसून होतं. पगारपत्रकवाल्याला दिसणारी गोष्ट मी त्यांना सांगितली: आहे त्याच पगारावर, आहे तेवढ्याच तासांवर कामाची जागा बदलून मागा, तास कमी करू नका. तास कमी केले की पगाराशी जोडलेलं सगळं कमी होतं. तेव्हा माझ्या डोक्यात आजारपणाची रजा होती, दुसरं काही नाही.

काय केलं

सोमवारी, २ डिसेंबरला, मावशींनी नोटीस दिली नाही. डॉक्टरांचं पत्र मिळायला दीड आठवडा लागला. सुपरवायझरने कुरकुर केली, पण जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना पुड्यांच्या टेबलावर बसवलं.

त्याच रांगेतल्या दुसऱ्या एका बाईने मात्र त्या सोमवारी नोटीस दिली. वय तेच, हिशेब तोच. १३ डिसेंबरच्या सकाळी निकाल आले, हुजूर पक्ष ३६५, मजूर पक्ष २०२. तिने नोटीस मागे घ्यायला विचारलं. तोवर पाळीत दुसरी मुलगी लागली होती.

आमच्याकडे आणखी एक गोष्ट झाली, आणि ती "बहुतेक"च्या रकान्यामुळे झाली. त्यात काय लिहायचं म्हणून मावशींची राष्ट्रीय विम्याची, म्हणजे ज्या वर्गणीच्या वर्षांवर सरकारी पेन्शन ठरते तिची, नोंद ऑनलाइन काढली. पूर्ण पेन्शनला ३५ वर्षं लागतात. त्यांची, चालू वर्ष धरून, ३१ होत होती. सांगलीतली ती दोन वर्षं रिकामी होती आणि तेव्हाच्या सवलतीत ती अजून भरता येत होती. एका वर्षाला सुमारे ७८० पौंड. एका वर्षाने पेन्शन वाढणार आठवड्याला सुमारे ४.८० पौंड, म्हणजे वर्षाला २५०. तीन वर्षांत वसूल, त्यापुढे मरेपर्यंत नफा. पैसे भरण्याआधी पेन्शन केंद्राला फोन केला, कारण काहींच्या बाबतीत जुनी वर्षं भरून काहीच वाढत नाही. पाऊण तास वाट पाहायला लावणारं संगीत, मग एका शांत आवाजाच्या माणसाने सांगितलं की यांच्या बाबतीत वाढतं. पैसे भरण्यासाठी अठरा आकडी क्रमांक मिळाला. मावशींनी तो भिशीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला आणि १,५६० पौंड भरले. त्या ५८ अब्जांच्या नादाने घरात आलेला हा एकमेव खरा पैसा.

काय झालं

मार्च २०२० मध्ये विमानं थांबली. किचन जवळपास बंद. २० मार्चला अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी फर्लो योजना जाहीर केली: घरी बसा, पगाराचे ८० टक्के सरकार देईल, महिन्याला २,५०० पौंडांच्या मर्यादेत. मावशींना आठवड्याला २४६ पौंड मिळू लागले, घरी बसून. गुडघ्याला एवढी विश्रांती चाळीस वर्षांत मिळाली नसेल. ही योजना सप्टेंबर २०२१ पर्यंत चालली आणि तिला सुमारे ७० अब्ज पौंड लागले.

तीन महिन्यांपूर्वी ५८ अब्ज अशक्य होते, आणि आता त्याहून जास्त निघाले, तेही कुठल्याच जाहीरनाम्यात नसलेल्या कामासाठी आणि खर्चात हात आखडणाऱ्या पक्षाकडून. काका म्हणाले, "म्हणजे होते की पैसे." मी त्यांना कर्ज, व्याजदर, महामारी आणि भरपाई यांतला फरक समजावला. तो फरक खरा आहे. पण काकांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की माझं शंकेखोरपण त्यांना आता तेवढं भारदस्त वाटत नव्हतं, आणि त्यांचं अगदीच चूक होतं असंही नाही. "पैसे नाहीत" याचा अर्थ बरेचदा "यासाठी नाहीत" असा असतो.

ऑक्टोबरमध्ये किचनने माणसं कमी केली. मावशींची आठ वर्षं पूर्ण झाली होती. वयाच्या ४१ नंतरच्या नोकरीच्या प्रत्येक वर्षाला दीड आठवड्याचा पगार, म्हणजे बारा आठवडे. जुलैअखेर आलेल्या नियमामुळे हिशेब फर्लोच्या ८० टक्क्यांवर नाही, पूर्ण पगारावर, तोही एप्रिलमध्ये वाढलेल्या किमान वेतनाने: ३२७ गुणिले १२, ३,९२४ पौंड. तो तक्ता मी स्वतः तपासला. शिवाय नोटिशीचे पैसे. तीन दिवसांचा पर्याय घेतला असता तर यातलं सगळंच पाचातल्या तीन हिश्शांवर आलं असतं.

नोव्हेंबरअखेर पेन्शन सुरू झाली. ३५ पैकी ३३ वर्षं, आठवड्याला १६५ पौंडांच्या आसपास.

याला मी माझ्या सल्ल्याचं यश म्हणणार नाही. फर्लो आणि कपातीचे पैसे कोणाच्याच रकान्यात नव्हते. नोटीस दिलेल्या बाईला यातलं काही मिळालं नाही, कारण योजनेच्या तारखेला ती पगारपत्रकावरच नव्हती. पण विमानं उडत राहिली असती तर ती घरी बसली असती आणि मावशी पुड्या भरत राहिल्या असत्या, एवढाच फरक पडला असता. तिची माझी गाठ एकदा पडली. "मला पश्चात्ताप नाही, त्या पट्ट्यापुढे आणखी एक दिवस उभी राहिले नसते," असं ती म्हणाली. तिचा गुडघा मावशींच्यापेक्षा वाईट होता. तो रकाना मी कधीच आखला नव्हता.

वचनांचं पुढे काय झालं ते थोडक्यात. मार्च २०२४ मध्ये संसदीय लोकपालाने पेन्शनवाल्या बायकांना प्रत्येकी १,००० ते २,९५० पौंड द्यावेत अशी शिफारस केली. जुलैमध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला. यावेळी जाहीरनाम्यात भरपाईचा शब्द नव्हता. १७ डिसेंबर २०२४ रोजी मंत्री लिझ केंडल यांनी भरपाई देणार नाही असं सांगितलं. पन्नास हजार नर्सेसचा आकडा २०२३ मध्ये गाठला गेला, हे हसणाऱ्यांत मी होतो म्हणून मुद्दाम नोंदवतो. हॉस्पिटलांबद्दल जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने म्हटलं की मूळ व्याख्येने २०३० पर्यंत बत्तीसच होतील. आणि जानेवारी २०२५ च्या वेळापत्रकात हिलिंग्डनच्या मुख्य बांधकामाची सुरुवात २०२७-२८ ला आहे. काका अजून डोळ्यांसाठी जुन्याच इमारतीत जातात.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या शनिवारी हसायला नको होतं. त्या हसण्याने एक आठवडा गेला, आणि त्या आठवड्यात मावशींनी नोटीस दिली असती तर हा लेख त्या दुसऱ्या बाईचा झाला असता. समोरचा माणूस वचनावर विसंबून काय करायला निघालाय, हे आधी विचारायचं. पक्षांची पत मग काढता येते.

तारीख आधी विचारायला हवी होती. राष्ट्रीय विम्याची नोंद निवडणूक नसतानाही काढायला हवी होती; ती दोन वर्षं आठ वर्षं तशीच पडून होती आणि मी दर शनिवारी त्यांच्यासोबत चहा पीत होतो.

आणि ट्रिपल लॉक. "नक्की"च्या रकान्यात मी हाताने लिहिलेली ओळ. महामारीनंतर पगारांचे आकडे एकदम उसळले, ८.३ टक्के. सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारने जाहीर केलं की एका वर्षापुरता पगारवाढीचा भाग बाजूला ठेवणार, आणि कायदा करून ठेवला. एप्रिल २०२२ मध्ये पेन्शन ३.१ टक्क्यांनीच वाढली. मावशींच्या पेन्शनवर तो फरक आठवड्याला पावणेनऊ पौंडांच्या आसपास. ज्या वचनावर दोन्ही पक्षांचं एकमत होतं, ज्याची टिंगल कोणी केली नाही, ज्याची उलटतपासणी मी केली नाही, तेच मोडलं. ५८ अब्जांना मी पंधरा प्रश्न विचारले होते, याला एकही नाही.

कॅलेंडरचं ते पान मावशींनी भिशीच्या वहीत ठेवलंय. लिझ केंडल यांच्या निवेदनानंतरच्या शनिवारी त्यांनी ते बाहेर काढलं. मला वाटलं, ३१,३०० वर काट मारतील. त्यांनी ट्रिपल लॉकच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे अक्षर कुणाचं रे?"

"माझं."

"हं," म्हणाल्या, आणि पान परत वहीत सरकवून चहा ठेवायला उठल्या.